आधी पान घेऊन या

काका, सप्रेम नमस्कार.

काल रविवारी माशांच्या टँकमधली वालिस्नेरिया, ती लांब पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती, विरळ केली. रेतीखालून आडवे धुमारे सोडत ती मागच्या काचेपासून पार पंपापर्यंत पोचली होती. १७ रोपं निघाली. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ती तीन घरी दिली आणि देताना प्रत्येकीला आधी विचारलं, "तुमच्याकडे पाणी कोणतं, बोअरचं की नळाचं?" हा प्रश्न तुमचा आहे. तुम्ही अकोल्याचं पाणझाडांचं दुकान बंद करून मुलाकडे पुण्याला गेलात त्या दिवशी मी आभाराचं बोलायला लागले, तर तुम्ही "चहा घ्या ताई" म्हणून विषय बदललात. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता तुम्हाला थांबवता येणार नाही.

लेकीच्या वाढदिवसाला आम्ही दोन फुटांचा टँक घेतला होता. जिथून घेतला तिथूनच चार झाडं मिळाली आणि तीन आठवड्यांत चारही कुजली. पाण्याला वास यायला लागला, दोन गप्पी गेले. लेक शाळेतून आली की दप्तरासकट आधी टँकपाशी जायची, ती जायचीच बंद झाली. त्या उरलेल्या लिबलिबीत काड्या पिशवीत घालून मी तुमच्या दुकानात आले ते नवी झाडं विकत घ्यायला. तुम्ही एकेक काडी उजेडात धरून पाहिली आणि म्हणालात, "ताई, हे झाड पान्यातलं नाईच. बुडवलं म्हनून मरून राह्यलं." पांढऱ्या पट्ट्यांचं ते ड्रेसिना होतं, दुसरं सिंगोनियम. कुंडीतली झाडं. पाण्याखाली थोडे दिवस हिरवी दिसतात आणि मग आतून सडतात. ड्रेसिनाच्या एका काडीला खाली अजून जीव होता. ती तुम्ही वेगळी काढून मातीत लावायला सांगितली होती. काका, ती आमच्या बाल्कनीत आता कमरेएवढी झाली आहे.

त्या दिवशी तुम्ही मला काहीच विकलं नाही. पाणी कोणतं ते विचारलंत. बोअरचं म्हटल्यावर टँकच्या काचेवर पांढरी पुटं धरतात का, तेही विचारलंत. धरतात म्हटल्यावर एका बादलीतून वालिस्नेरिया आणि हायड्रिलाची मूठभर रोपं काढून माझ्या हातात दिली, पैसे न घेता. अशा जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी असला तरी बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि ही दोन्ही झाडं ते बायकार्बोनेट वापरून अन्न तयार करू शकतात. सगळ्या पाणवनस्पतींना हे जमत नाही. "तुमच्या पान्याले जे झाड मानवते तेच लावा," एवढंच तुम्ही बोललात. पुढे हायड्रिलाच्या पानांवर चुन्याची बारीक पूड दिसली तेव्हा मी घाबरून आले होते. झाडाने बायकार्बोनेट घेतलं की चुना मागे उरून पानावर बसतो, हे मला तुमच्या स्टुलावर बसून कळलं.

मला सर्वांत जास्त आठवतं ते तुमचं "आधी पान घेऊन या". मी फोनवर काहीही सांगितलं की उत्तर हेच. झाड पिवळं पडतंय म्हटलं तर कोणतं पान, जुनं की नवं? तुम्ही वरुडकडच्या संत्र्याच्या बागेत वाढलात, पान वाचायला तुमच्या वडिलांनी शिकवलं, असं तुम्ही एकदा सांगितलं होतं. तीच नजर तुम्ही पाण्याखाली नेली. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली आणि त्यांच्या कडा पिवळ्या झाल्या तर पोटॅश कमी. झाड जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्याला देतं, म्हणून खूण जुन्यावर उमटते. जुनं पान सबंध पिवळं पडलं तर नत्र. आणि नवं पान फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह, कारण लोह एकदा पानात बसलं की झाडाला ते सहज हलवता येत नाही. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याला जे होतं तेच आमच्या बोअरच्या पाण्यात होत होतं. लोह असूनही झाडाच्या कामाचं नव्हतं, म्हणून चिलेटेड लोह घालायचं, म्हणजे अशा पाण्यातही विरघळलेलं राहून झाडाला घेता येणारं लोह.

तुमच्या फळीवर महागड्या बाटल्या होत्या. तुम्ही त्यातली एकही पुढे केली नाही. कृषी सेवा केंद्रात जाऊन ००:००:५० मागा म्हणालात, ठिबकमधून सोडतात ते सल्फेट ऑफ पोटॅश. आमच्या ६० लिटरला आठवड्याला एक ग्रॅम, पाणी बदललं की लगेच, मगभर पाण्यात विरघळवून. आणि बोट उगारून बजावलंत की १९:१९:१९ हे मिश्रखत चुकूनही टाकायचं नाही, त्यात युरिया आणि अमोनिया असतो, मासे मरतील. मी ते तिथल्या तिथे कागदावर लिहून घेतलं. तो कागद अजून टँकच्या स्टँडला चिकटवलेला आहे. दोन आठवड्यांत नवी पानं बिनभोकाची आली. जुन्या पानांची भोकं तशीच राहिली. तुम्ही आधीच सांगितलं होतं: "नवं पान पाहा, जुनं सोडून द्या."

शेवाळाचं थोडक्यात. आमचा दिवा सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चालू असायचा. तुम्ही तो सात तासांवर आणायला लावलात आणि टँक खिडकीपासून हलवायला सांगितलात. महिन्याभरात काचेवरची हिरवी लव गेली.

क्रिप्टोकोरिन हे पाणझाड मात्र तुम्ही तिसऱ्या महिन्यात दिलंत, मी चारदा मागितल्यावर. आठ दिवसांत त्याची सगळी पानं वितळून जेली झाली. मी एक रोप उपटून फेकलं आणि दुसरं उपटायच्या आधी तुम्हाला फोन केला. मुळाला हात लावू नका म्हणालात. रोपवाटिकेत ते पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेलं असतं. ती हवेतली पानं पाण्याखाली टिकत नाहीत. झाड ती टाकून देतं आणि मुळांच्या साठ्यावर नवी, पाण्यातली पानं काढतं. पंचवीस दिवस रेतीत काहीच दिसत नव्हतं. सव्विसाव्या दिवशी लेकीने तपकिरी टोक पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना ओढत आणलं. कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरिन आपोआप उगवतं, हे तुम्हीच तिला सांगितलं होतंत. तेव्हापासून तिला कोकणात जायचं आहे.

आणि मे महिन्यातली ती पहाट. बाहेर ४५ अंश, टँकचं पाणी ३४ वर. साडेपाचला उठले तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी विचार न करता तुम्हाला फोन लावला. तुम्ही झोपेतून उठलात, एका शब्दाने रागावला नाहीत. हवेचा पंप लगेच लावा, झाकण काढा, पंखा पाण्यावर सोडा. मग शांतपणे समजावलंत की गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि रात्री झाडंसुद्धा तोच ओढतात, म्हणून उन्हाळाभर रात्री हवेचा पंप चालू ठेवायचा. पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरलं. उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी भरत राहिलं तर क्षार वाढत जातील, म्हणून ती भर फिल्टरच्या आरओ पाण्याने घालायची, हेही त्याच फोनवर. एकही मासा गेला नाही. सकाळी दहाला तुम्ही स्वतः पुन्हा फोन केलात, हे मी कधी विसरणार नाही.

कापलेली हायड्रिला मी आजही उन्हात वाळवून कुंड्यांत घालते. मोर्णा नदीत जलपर्णी काय करते ते अकोल्याने पाहिलंय. २०१८ साली लोक ती काढायला नदीत उतरले होते, त्यांत तुम्हीही होतात. टँकमधली एक काडीही नाल्यात जाऊ द्यायची नाही, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. तेवढ्या एकाच वेळी.

आता दुपारी दोनच्या सुमारास वालिस्नेरियाच्या पानांतून प्राणवायूचे बारीक बुडबुडे माळेसारखे वर जातात. लेक ते पाहत गृहपाठ करते. सासूबाई दुपारची माळ टँकसमोर बसून ओढतात. हे सगळं तुमच्यामुळे आहे, काका. मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात आम्ही पुण्याला येतो आहोत. दहा रोपं ओल्या कागदात बांधून आणते. तुम्हाला आयुष्यभर लाल रोटाला मॅक्रांड्रा लावायचं होतं आणि अकोल्याचं पाणी तिला सोसेना. तुमच्या नव्या घरी नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, आमच्या बोअरपेक्षा पुष्कळ मऊ. लावली असेल तर तिचं एक नवं पान माझ्यासाठी काढून ठेवा. मला ते उजेडात धरून पाहायचं आहे.

तुमची,
दोन फुटी टँकवाली ताई