हा वंशवृक्ष नेमका कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत उत्क्रांतीवरील लेखासोबत जो वंशवृक्ष छापला आहे, त्यात जिवाणूंच्या फांद्याही प्राण्यांच्या फांद्यांइतक्याच ठाम रेषांनी काढल्या आहेत. माझी हरकत त्या ठामपणाला आहे.

जनुके पिढीकडून पुढच्या पिढीकडे जातात, शेजाऱ्याकडून येत नाहीत, हे अशा चित्रामागचे गृहीतक असते. जिवाणूंच्या बाबतीत ते टिकत नाही. १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाचे उष्णतेने मारलेले घातक जिवाणू आणि त्याच जातीचे जिवंत पण कवच नसलेले निरुपद्रवी जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. वेगवेगळे टोचल्यास दोन्ही प्रकारांनी उंदीर मरत नव्हते. मिश्रणाने मात्र मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जिवाणू आढळले, तेही कवचासकट! मेलेल्यांचा वारसा जिवंतांनी उचलला होता. तो वारसा म्हणजे डीएनए, हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी दाखवले. याखेरीज दोन जिवाणू एकमेकांशी जोडले जाऊन प्लास्मिडची, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळांची, देवाणघेवाण करतात आणि त्यांना ग्रासणारे विषाणूही एकाची जनुके दुसऱ्यात नेऊन टाकतात. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण एका जातीतून दुसरीत झपाट्याने पसरतो, तो प्रामुख्याने याच वाटांनी.

१९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या घटकातील) आरएनएच्या तुलनेवरून आर्किया हा जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या एकपेशीय जीवांचा स्वतंत्र गट वेगळा काढला. रायबोसोमची जनुके सहसा अशी परघरी जात नाहीत, म्हणून तो आधार भक्कम आहे. तरी त्यावरून निघतो तो त्या जनुकांचा वृक्ष, संपूर्ण जिवाणूचा नव्हे. सुमारे ८० अंश सेल्सिअसला वाढणाऱ्या थर्मोटोगा मारिटिमा या जिवाणूचा जनुकसंच १९९९ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यातील जवळपास पाव जनुकांचे सर्वाधिक साम्य आर्कियाशी निघाले. २००२ मध्ये ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या तीन वाणांची तुलना झाली, तर तिन्हींत समान असलेली प्रथिने एकूण प्रथिनांच्या ४० टक्क्यांहूनही कमी भरली. आणि हे तिघे म्हणे एकाच जातीचे!

वृक्षाची कल्पनाच मोडीत निघाली, असे म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही, कारण प्रत्येक पेशी शेवटी आधीच्या पेशीच्या विभाजनातूनच येते. माझी विनंती एवढीच की, यापुढे असे चित्र छापताना ते कोणत्या जनुकांवरून काढले आहे, हे त्याखाली एका ओळीत नमूद करावे.

आपला,
एक नियमित वाचक