सूचना : रविवारच्या बैठकीला येताना

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता सदाशिव पेठेत नेहमीच्या जागी भेटू. विषय एकच : १:६ मापाच्या (खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश) बाहुल्यांच्या डोक्यांवर खऱ्या माणसाचा चेहरा हुबेहूब उतरवणं.

कृपा करून मूळ डोक्यावर थेट पुट्टी चढवू नका. आधी सिलिकॉनचा साचा घ्या, रेझिनच्या (ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या) दोन-तीन प्रती ओता आणि काय खोडायचं, भरायचं ते त्यांच्यावर करा. माझं एक सुंदर डोकं घाईत गेलं, त्याची हळहळ अजून आहे. साचा घेताना गंधक असलेल्या मातीवर प्लॅटिनम सिलिकॉन (सिलिकॉनचा एक प्रकार) घट्ट न होता चिकटच राहतं, तेव्हा पाकीट वाचून माती घ्या. पावसाळी हवेत पॉलियुरेथेन रेझिनला बुडबुडे येतात. रेझिनचा डबा लगेच बंद करा.

ज्याचा चेहरा करायचा त्याचे फोटो समोरून आणि बाजूने, दोन मीटरवरून काढलेले हवेत. मोबाइल जवळ धरला की नाक फुगतं, कान मागे जातात. या मापात डोकं जेमतेम ४ सेंटिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या चेहऱ्यावर ३ मिलिमीटर, तेवढ्यात माणूस बदलतो! छोटा आरसाही आणा, उलट्या प्रतिमेत डोळ्यांची चूक चटकन दिसते.

रेझिन ओल्या पॉलिश पेपरनेच घासायचं, मास्क लावून.