प्रॅक्टिकलची बॅच मोजता, तशी सेमिनारचीही मोजा : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय, स. न. वि. वि.

बी.एस्सी.च्या मुलाला पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत लहान बॅच मिळते. शिक्षक त्याला नावाने ओळखतात, टायट्रेशन चुकले तर पुन्हा करायला लावतात. बी.ए.च्या मुलीला सहसा असा एकही तास मिळत नाही. शंभर-सव्वाशेच्या वर्गात ती हजेरीला ‘येस सर’ म्हणते, बाजारातले गाइड घेते आणि पास होते. विदर्भातल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत मोठा भरणा तिच्यासारख्यांचाच आहे.

आमचा प्रस्ताव असा. प्रथम वर्षाच्या दुसऱ्या सत्रात १५ विद्यार्थ्यांचा गट, एक शिक्षक, एकच प्रश्न, आठवड्यातून एकदा सलग दोन तास, असे १५ आठवडे. ३० तासांचे २ क्रेडिट होतात आणि ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या ऐच्छिक विषयांच्या, बास्केटमध्ये त्यांना जागा करता येते. हार्वर्डमध्ये प्रथम वर्षासाठी असे सेमिनार १९५९ पासून चालतात, त्यामुळे कल्पना नवी नाही. मात्र सेमिनार म्हटले की आपल्याकडे फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि प्रमाणपत्रे निघतात. तो प्रकार आम्हाला अभिप्रेत नाही, हे शासन निर्णयातच लिहावे लागेल.

अडचण कार्यभाराची आहे. १२० विद्यार्थ्यांचे १५ प्रमाणे ८ गट होतात. प्रत्येकी २ तास धरले तर आठवड्याला १६ तास, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमाप्रमाणे एका सहायक प्राध्यापकाचा पूर्ण कार्यभार. हीच १२० मुले एका हॉलमध्ये बसवली तर कागदावर २ तासच लागतात. प्राचार्य काय निवडतील, हे सांगायला नको. गटाचे तास वेगळे मोजले नाहीत तर पहिल्या वर्षी १५ चे ४० होतील, दुसऱ्या वर्षी ८०, आणि तिसऱ्या वर्षी ‘सेमिनार’ नावाचे आणखी एक व्याख्यान वेळापत्रकात उरेल. प्रॅक्टिकलची प्रत्येक बॅच स्वतंत्र मोजली जाते. तोच नियम इथे लावा. बाकी सारे याच्यानंतर.

आता विषयाबद्दल. ‘पर्यावरण आणि विकास’ किंवा ‘ग्रामीण महिलांच्या समस्या’ असले मथळे अभ्यास मंडळाने पाठवले की मुले इंटरनेटवरून दहा पाने उतरवून आणणार. विषय प्रश्नाच्या रूपात हवा, आणि त्याचे उत्तर शोधायला लागणारी कागदपत्रे तालुक्यातच मिळायला हवीत. भंडारा-गोंदियात ‘मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा?’ हा प्रश्न चालेल. अकोल्याकडे खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातल्या, विहिरींचा, वडसा-देसाईगंजला झाडीपट्टी नाटकांच्या अर्थकारणाचा, धानोऱ्याला मेंढा-लेखा गावाच्या सामूहिक वनहक्काचा. शिक्षकाचा प्रस्ताव एका पानाचा असावा: प्रश्न, १५ आठवड्यांचे वाचन, लेखनाची तीन कामे, एक क्षेत्रभेट, गुणांची विभागणी. वाचनाची यादी ज्याला भरता येत नाही, त्याचा विषय अजून झालेला नाही असे समजावे.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. प्रश्न: ‘सातबाऱ्यावर बाईचे नाव केव्हा चढते?’ पहिले दोन आठवडे फक्त सातबारा वाचायला शिकायचे. गाव नमुना ७ मध्ये हक्क, १२ मध्ये पिके. प्रथम वर्षाच्या बऱ्याच मुलांनी हा कागद घरी हजारदा पाहिलेला असतो, वाचलेला नसतो. मग नमुना ६, म्हणजे फेरफार: वारसनोंद, खरेदी, वाटणी, हक्कसोड (आपला हिस्सा सोडून देणे). पाचव्या-सहाव्या आठवड्यात कायदा. हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. त्यानंतरही फेरफारात बहिणींची हक्कसोडपत्रे का दिसतात, इथे खरी चर्चा सुरू होते. क्षेत्रभेट तलाठी कार्यालयाची, तीही आधी वेळ ठरवून. तलाठ्याकडे तीन-चार गावे असतात, तो सापडत नाही.

यात एक पथ्य पाळावे. विद्यार्थ्याला स्वतःच्या घरचा सातबारा आणायला लावू नये. भाऊबंदकीची भांडणे वर्गात येतात, आणि ज्यांच्या घरी शेतीच नाही त्यांना मान खाली घालून बसावे लागते. शिक्षकाने जमिनीच्या दोन-तीन गट क्रमांकांचे उतारे काढावेत, नावे झाकून झेरॉक्स करावी आणि सगळ्यांना तेच द्यावेत.

वर्गात काय बिघडते, तेही सांगतो. पहिल्या आठवड्यांत कोणी बोलत नाही. शिक्षक शांततेला घाबरतो आणि व्याख्यान सुरू करतो. एकदा ते सुरू झाले की मुले वही काढतात आणि सेमिनार तिथेच संपतो. उपाय साधा आहे. दर आठवड्याला चार-पाच पानेच वाचायला द्यायची आणि आदल्या दिवशी प्रत्येकाकडून अर्ध्या कागदावर एक प्रश्न लिहून घ्यायचा. शिक्षकाने ते पंधरा प्रश्न वाचून त्यातल्या तीनवर तास उभा करायचा. आधी दोघादोघांत पाच मिनिटे बोलू द्यायचे, मग सगळ्यांत. नाहीतर गावातले तीन चुणचुणीत मुलगेच बोलत राहतात. वऱ्हाडी, झाडी, गोंडी, कोरकू, ज्या बोलीत तोंड उघडेल त्या बोलीत बोलू द्यावे. प्रमाण मराठीचा आग्रह लेखनात धरावा, तोही दुसऱ्या खर्ड्यापासून.

बसायची सोय क्षुल्लक वाटते, पण ती नाही. लांब बाकांच्या रांगेत चर्चा होत नाही, पाठीमागे कोण बोलतो ते दिसत नाही. ग्रंथालयातले वाचनाचे टेबल पुरते.

गुण ५० धरले तर प्रश्नांच्या साप्ताहिक चिठ्ठ्यांना १५, चर्चेला १०, लेखनाला २५. लेखन तीनदा: २०० शब्द, ५०० शब्द, आणि त्याच ५०० शब्दांचे दुरुस्त रूप. दुरुस्तीला गुण नसतील तर शिक्षकाचे लाल शेरे कोणी वाचत नाही. सगळ्यांना ५० पैकी ४५ देण्याची अंतर्गत गुणांची जुनी सवय मोडायची, तर दुसऱ्या महाविद्यालयाच्या शिक्षकाने प्रत्येक गटातले तीन निबंध तपासावेत.

पहिले सत्र मुद्दाम टाळले आहे. प्रवेश लांबतात, मग सोयाबीनची सोंगणी येते, दसऱ्यापासून कापसाची वेचणी, आणि १५ पैकी ७ जागा रिकाम्या दिसू लागतात. जानेवारीत वर्ग बसतो. जंगलपट्ट्यात मात्र काही आठवड्यांत दोनदा तास घेऊन मार्चअखेर आटोपावे, कारण पुढे मोहफुले आणि तेंदूपत्ता. तास ११ ते १ असावा. चारनंतर ठेवला तर मुलींचा अर्धा जीव एसटीत असतो.

खर्च फारसा नाही. १५ विद्यार्थी, ५ पाने, १५ आठवडे म्हणजे ११२५ पाने. पानाला २ रुपये धरले तरी गटामागे २२५० रुपये. क्षेत्रभेटीचा प्रवास वेगळा.

हे तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या गळ्यात मारले जातील, ही भीती खरी आहे. त्यांच्यातले अनेक जण हे काम उत्तम करतील, पण चिठ्ठ्या वाचण्याचा वेळ त्यांच्या मानधनात धरलेला नसतो. सेमिनारच्या प्रत्येक दोन तासांमागे एक तास तपासणीचा धरून मोबदला द्यावा आणि तो दरमहा मिळावा.

अभ्यासक्रम ठरवणे हे विद्या परिषदेचे आणि अभ्यास मंडळांचे काम, त्यात आपण हात घालावा असे आम्ही म्हणत नाही. कार्यभार तपासणी मात्र सहसंचालकांच्या कार्यालयात होते, आणि ती शासनाच्या हातात आहे. त्या तक्त्यात ‘प्रॅक्टिकल बॅच’ या रकान्याशेजारी ‘सेमिनार गट, कमाल १५’ हा रकाना येत्या उन्हाळ्याआधी टाकावा. अमरावती, नागपूर आणि गोंडवाना विद्यापीठांत प्रत्येकी काही मोजक्या महाविद्यालयांत त्यानंतरच्या जानेवारीपासून हे सुरू करता येईल.

आपले,
ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयांत प्रथम वर्षाला शिकवणारे काही प्राध्यापक