'जर-तर' उलटे वाचू नये, हे आधी शिकवा

महोदय,

अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्रात जर-तर विधान शिकवताना फळ्यावर आधी सत्यता कोष्टक येते, म्हणजे विधान केव्हा सत्य आणि केव्हा असत्य ठरते याचा तक्ता. पूर्वांग ('जर'चा भाग) सत्य आणि उत्तरांग ('तर'चा भाग) असत्य, तेवढ्या एका ओळीत विधान असत्य. उरलेल्या तिन्ही ओळींत सत्य. विद्यार्थी हे पाठ करतात, गुणही मिळवतात. विधान उलटे वाचण्याची, म्हणजे 'पाऊस पडला, तर रस्ता ओला' यावरून 'रस्ता ओला, तर पाऊस पडला' असे मानण्याची खोड मात्र जात नाही. म्हणून कोष्टकाआधी एक तासिका चार पत्त्यांना द्यावी.

ही कसोटी इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांची, 1966 मधली. मराठीत ती अशी करता येईल. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतात अ, क, 4 आणि 7. नियम असा : एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला गेला की नाही, हे ठरवायला नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण अ आणि 4 म्हणतात, किंवा नुसता अ. उत्तर आहे अ आणि 7. चारच्या मागे क निघाला तरी काही बिघडत नाही. व्यंजनामागे काय असावे, हे नियम सांगतच नाही. सातच्या मागे स्वर निघाला, तर नियम मोडला. स्वर आणि सम हे शब्द नियमात ऐकू येतात, म्हणून तेच पत्ते आधी डोळ्यांत भरतात आणि सात राहून जातो.

अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात हाच दोष दाखवला आहे. धूर आहे म्हणून अग्नी, हे अनुमान बरोबर. अग्नी आहे म्हणून धूर, हे चूक. कारण धुराला ओले सरपणही लागते, आणि तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. तीन-चारशे वर्षांपूर्वीचे हे उदाहरण आजही वर्गात सर्वांत लवकर कळते.

हा प्रश्न गुणांपुरता नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. मुले पळवणारे अनोळखी असतात, हे क्षणभर मान्य केले, तरी अनोळखी माणूस मुले पळवणारा ठरत नाही. अफवेला बळ मिळते ते नेमके या उलट वाचनातून.

तासिकेत पहिली दहा मिनिटे चर्चा न करता प्रत्येकाकडून उत्तर लिहून घ्यावे. हुशार मुलाने आधी बोलून टाकले की बाकीचे विचार सोडून देतात. मग तोच प्रश्न हेल्मेटवर घालावा. नियम असा : दुचाकी चालवत असेल, तर हेल्मेट हवे. चौघांबद्दल एकेकच गोष्ट माहीत आहे : दुचाकी चालवणारा, पायी जाणारा, हेल्मेट घातलेला, उघड्या डोक्याचा. पोलिसाने कोणाला अडवून चौकशी करायची? दुचाकीस्वाराला आणि उघड्या डोक्याच्याला, हे मुले पटकन सांगतात. मग दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी लिहून सातचा पत्ता कुठे बसतो, हे त्यांनाच शोधू द्यावे. सत्यता कोष्टक त्यानंतर काढावे.

– तर्कशास्त्राचे एक अध्यापक, सातारा