ओंकारचा रिपोर्ट

पुणे

प्रिय बंड्या,

तुझ्या ओंकारच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट वाचला. लाल अक्षरांत ‘व्यसनाचा धोका : जास्त’ असं छापलंय खरं. सतरा वर्षांच्या पोराची लाळ नळीत भरून पाठवायची आणि त्याच्या पुढच्या आयुष्याचा निकाल पीडीएफमध्ये मागवायचा, हे तुला सुचलं कसं असं विचारणार होतो. पण अण्णांची दारूत बुडालेली शेवटची वर्षं मीही पाहिली आहेत. तुला सुचणारच. फोनवर तू सारखं एकच विचारत होतास, “म्हणजे रक्तातच आहे का रे?” तिथे धड सांगता आलं नाही, म्हणून हे लांबण.

आधी त्या ‘ए1’चा निकाल लावू, कारण तुझे पैसे त्यातच गेलेत. 1990 साली अमेरिकेत केनेथ ब्लम आणि अर्नेस्ट नोबल यांच्या गटाने 70 मृत माणसांच्या मेंदूचे नमुने तपासले. निम्मे दारूच्या आहारी गेलेले, निम्मे नाहीत. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, आणि तो निरोप टिपणारा पेशीवरचा रेणू म्हणजे रिसेप्टर. त्यातल्या डी2 रिसेप्टरच्या जनुकाशी जोडलेला ए1 हा प्रकार आहारी गेलेल्यांत 69 टक्के जणांकडे निघाला आणि बाकीच्यांत 20 टक्के. झालं, दारूचं जनुक सापडलं म्हणून गाजावाजा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या गटाने पाहिलं, तर फरक दिसेना. नंतर वर्षानुवर्षं हो-नाही चाललं. आणि 2004 मध्ये तर असं निघालं की हा ए1 मुळात डी2च्या जनुकात नाहीच, शेजारच्या एएनकेके1 नावाच्या जनुकात आहे. युरोपीय वंशाच्या दर तीन माणसांमागे साधारण एकाकडे तो असतो. माझ्याकडेही असेल. इतक्या लोकांकडे असलेल्या गोष्टीला लाल शाई लावून विकणाऱ्यांना काय म्हणावं ते तूच ठरव.

याचा अर्थ डोपामिन निर्दोष सुटलं असं नाही. 2023 साली दहा लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा एकत्र अभ्यास आला. दारू, तंबाखू, गांजा, अफूजन्य पदार्थ या सगळ्यांच्या व्यसनाला सामाईक अशा जनुकीय साखळीवरच्या 19 जागा त्यात सापडल्या आणि डोपामिनचं नियमन हाच त्यातला ठळक धागा. पण एकेका जागेचा वाटा चिमूटभर, आणि ती माणसं बहुतेक युरोपीय वंशाची. त्यावरून सांगलीतल्या एका मुलाचं भविष्य काढता येत नाही.

डोपामिन म्हणजे सुख, हेही डोक्यातून काढ. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांना फळांचा रस देऊन डोपामिन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. सुरुवातीला रस मिळाला की पेशी उसळत. रसाआधी लागणारा दिवा माकडांच्या ओळखीचा झाला, तशा त्या दिव्यालाच उसळू लागल्या आणि रस आला तरी गप्प. दिवा लागून रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंद. आता अण्णा आठव. चार महिने थेंब नाही, आणि एसटीतून उतरून त्या कोपऱ्यावरची पाटी दिसली की पाय तिकडेच. शेवटी शेवटी त्यांना पिण्यात काही गंमत उरली होती असं मला कधी वाटलं नाही. हवं वाटणं तेवढं शिल्लक होतं, आवडणं कधीच संपलं होतं. आपण मात्र त्याला चैन म्हणत राहिलो.

पार्किन्सनच्या काही रुग्णांना प्रामिपेक्सोल नावाचं औषध देतात. ते डोपामिनच्या रिसेप्टरांना चेतवतं. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेली काही माणसं हे औषध सुरू झाल्यावर जुगाराच्या नादी लागून घर धुवून बसली आहेत, आणि डोस कमी केल्यावर बऱ्याच जणांचा तो नाद सुटला. आता त्यांचं ‘रक्त’ कुठे गेलं होतं?

गंमत म्हणजे दारूच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा ज्या जनुकांचा आहे, ती मेंदूतल्या डोपामिनच्या वाटेवरची नाहीतच. त्यांचं मुख्य काम यकृतात, दारू पचवण्याचं. चीन, जपान, कोरियातल्या अनेकांकडे त्यातल्या एएलडीएच2 या जनुकाचा एक मंद प्रकार असतो. दोन घोट गेले की तोंड लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. अशी माणसं सहसा दारूच्या फार आहारी जात नाहीत. अण्णांना व्यसनमुक्ती केंद्रात दिलेली डायसल्फिरामची गोळी औषधाने हेच घडवून आणते. आपल्याकडे तो प्रकार क्वचित, म्हणून त्या संरक्षणाची आशा नको.

तर रक्तात आहे की नाही? आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून लोकांमधल्या फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक निघतो. 1973 साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास झाला. जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत आई-बापापासून दूर गेलेली मुलं. ज्यांचं जन्मदातं माणूस दारूत बुडालेलं होतं, त्यांच्यातले 18 टक्के पुढे दारूडे झाले. बाकीच्या दत्तकांत 5 टक्के. तुला यात साडेतीन पट दिसेल. मला त्याच कागदावर 82 टक्के दिसतात. (ती मुलं तेव्हा तिशीच्या आसपास होती, म्हणजे आकडा पुढे थोडा वाढलाही असेल. लपवत नाही.)

म्हणजे ओंकारला धोका इतरांपेक्षा जास्त, हे खरंच. पण ते अण्णांकडे पाहूनच कळत होतं, नळीची गरज नव्हती. त्याला अण्णांची गोष्ट आडपडदा न ठेवता सांग. पहिला ग्लास जितका लांबेल तितका लांबू दे. ‘घरातच चव घेऊ दे, बाहेर नको’ हा तुझ्या मेहुण्याचा सल्ला ऐकू नकोस. आणि ‘तुझ्या रक्तातच आहे’ हे वाक्य त्याच्यासमोर कधी काढू नकोस. असं ऐकलेला पोरगा पहिल्या चुकीलाच हात टेकतो.

आता राहिलं ते लिहितो, चिडलास तरी चालेल. नळी तू ओंकारची पाठवलीस. अण्णांचा मुलगा तू आहेस. वहिनी मला काही बोलली नाही, पण दिवाळीत नऊ वाजायच्या आधी घड्याळाकडे कोण बघत होतं ते मी पाहिलं. शनिवारचा बेत रोजचा कधी झाला? यावर औषधं आहेत. नालट्रेक्सोन हे त्यातलं एक, ते पिण्याची ओढ बोथट करतं. पण आधी यकृताच्या तपासण्या आणि मानसोपचारतज्ज्ञ, मनाने काही घेऊ नकोस. मी येत्या शनिवारी येतोय. सकाळची वेळ घेऊन ठेवू का, तेवढं कळव. मी सोबत आत येईन किंवा बाहेर बसेन, तुला जसं बरं वाटेल तसं.

तुझा,
नंदू