तह झाला, पण कोणाच्या जमिनीवर?

महोदय,
वसाहतींचे सीमातंटे तहांनी मिटले, असे सर्रास लिहिले जाते. १७५० चा माद्रिदचा तह पाहा. ज्याचा ताबा त्याची जमीन, हे तत्त्व स्पेन-पोर्तुगालने दक्षिण अमेरिकेत मान्य केले आणि दोघांत नव्या प्रदेशांची वाटणी करणारी १४९४ च्या तोर्देसिल्यास तहाची रेघ मोडीत काढली. इथवर ठीक. पण कोलोनिया देल साक्रामेंतो हे पोर्तुगीज ठाणे मिळवण्यासाठी स्पेनने उरुग्वे नदीच्या पूर्वेकडील सात मिशन-वसाहती, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी वसवलेली गावे, परस्पर पोर्तुगालला देऊन टाकल्या. तिथल्या हजारो गुआरानी मूलनिवासींनी जंगम सामान तेवढे उचलायचे. घरे, चर्च, शेते सोडून नदीपलीकडे जायचे! त्यांना विचारले कोणी? याला तोडगा म्हणवत नाही. ते लढले, तेव्हा कालचे दोन वैरी एकत्र येऊन त्यांच्यावर तुटून पडले. १७५६ मध्ये त्यांचा नेता सेपे तियाराजू मारला गेला. पुढे पाचच वर्षांत, १७६१ मध्ये, दोन्ही राजसत्तांनी तो तहच रद्द केला.

– एक वाचक, सांगली