अण्णा बोलके होते म्हणे!

प्रिय बाळ्या,

आम्ही बरे आहोत. माझी शुगर थोडी वर आहे, आईचं पथ्य चालू आहे आणि ती ते पाळत नाही. झालं.

अण्णांच्या दहाव्याला कावळा शिवला आणि तू प्रवरेच्या घाटावरूनच निघालास. गाडीची वेळ होती, मान्य. पण खरी गंमत नंतर झाली. दुपारी घाटघरहून जीपभर माणसं आली, काळभात तांदळाचं गाठोडं घेऊन. त्यातली एक म्हातारी आईचा हात धरून म्हणाली, "कंडक्टर लई बोलके व्हते गं बाई, हसवून हसवून पोट दुखायचं." मला वाटलं, ही चुकून दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला आली!

अरे, आमचे अण्णा! ज्यांना तू पाचवीत 'मुका' म्हणालास म्हणून मी तुझी कंपासपेटी विहिरीत टाकली, ते. (पेटीचे पैसे अण्णांनीच भरले. मला एक शब्द बोलले नाहीत.) घरी आले की बिल्ला खुंटीला, नाण्यांनी काळी झालेली बोटं राखेने घासायची, जेवायचं, आडवं व्हायचं. वर्षातून एकदा, १ जूनला, "१९४८ साली आजच्या दिवशी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली," एवढं मात्र न चुकता सांगायचे. तेच आमच्या घरातलं सर्वांत मोठं भाषण.

आणि तिकडे घाटघरला वस्तीच्या गाडीवर? रात्री गाडी लागली की शेकोटीपाशी बसून डेपोतल्या साहेबांच्या नकला! लोकांची पत्रं वाचून दाखवायची, उत्तरं लिहून द्यायची, अकोल्याहून औषधं न्यायची. मग पैशांची पिशवी उशाला घेऊन गाडीतच झोपायचं. त्या लोकांना माझे दहावीचे मार्क पाठ आहेत, बाळ्या. मी सायकलवरून पडून दात पाडला, तेही माहीत. निकाल दाखवला तेव्हा मला नुसतं "हं" म्हणाले होते, आणि घाटघरात पेढे वाटले!

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा. माणूस अबोल होता, की फक्त आमच्याशी अबोल होता? आई म्हणते, "दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका' करून दमायचे रे." मग रात्री शेकोटीपाशी दमत नव्हते? राग येतो. मग आठवतं, माझ्या फीची तारीख त्यांनी कधी विचारली नाही आणि कधी चुकवलीही नाही. तरी राग जात नाही. पेढ्यांतला एक घरी आणला असता तर काय बिघडलं असतं?

तुला लिहितोय ते यासाठी. दर सुट्टीत तू राजूरला आजोळी त्याच गाडीने जायचास. खरं सांग, तुझ्याशी बोलायचे का? काय बोलायचे? बारा पूर्ण झाल्यावर तुझं हाफ बंद करून फुल तिकीट फाडलं, ते सोडून सांग. ते तुणतुणं चाळीस वर्षं ऐकतोय.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीच्या नोकरीचं कळलं, पार्टी राहिली. नवीन घराचा पत्ता नीट पाठव, मागचा तुझ्या अक्षरात होता.

काळभात थोडा तुझ्यासाठी काढून ठेवलाय. कुकरला लावू नकोस, पातेल्यात कर. आणि उत्तर पत्रानेच दे, फोनवर तू थापा मारतोस.

तुझा,
दिल्या